हुकूम मोडणाऱ्याचे चरित्र

१

गोदाकाठच्या सायखेड्यात काय किंवा एकूण नाशिक जिल्ह्यात काय, 'काळे पाणी' हा शब्द उच्चारला की एकच नाव पुढे येते. भगूर आमच्यापासून लांब नाही. तेथून निघालेला एक सुशिक्षित ब्राह्मण तरुण १९११ साली अंदमानला गेला, १९२१ साली तेथून हलवला गेला, आणि १९२७ साली त्याचे 'माझी जन्मठेप' प्रसिद्ध झाले. पुढे १९३७ साली 'काळे पाणी' ही कादंबरी आली. या दोन पुस्तकांनी मराठी वाचकाच्या मनात अंदमान कायमचे बसवले. सावरकरांनी भोगलेले हाल खरे आहेत. कोलू खरा आहे, कोठडी खरी आहे. त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो वेगळाच. सावरकर बोटीवर चढले तेव्हा अंदमानची वसाहत ५३ वर्षांची झालेली होती. तो तुरुंग कैद्यांनीच विटेवर वीट रचून १९०६ पर्यंत उभा केलेला होता. मग त्या ५३ वर्षांत तेथे जे राहिले, खपले आणि मेले, ते कोण होते? मराठी साहित्यात त्यांची वही कोरी का राहिली?

त्या कोऱ्या वहीचे पहिले पान शिपायाचे आहे. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा अधिकारी २०० कैदी घेऊन अंदमानला उतरला. १८५७ च्या उठावात ज्यांना फाशी दिली नाही, तोफेच्या तोंडी बांधले नाही, अशांची सोय लावण्यासाठी ही वसाहत होती. पहिल्या सुमारे तीन महिन्यांचा सरकारी हिशेब उपलब्ध आहे. एकूण कैदी आले ७७३. इस्पितळात मेले ६४. पळाले आणि पुन्हा सापडले नाहीत असे १४०. आत्महत्या १. पळून जाण्याच्या गुन्ह्याबद्दल फाशी दिलेले ८७. शिल्लक ४८१. वाण्याच्या वहीत पोत्यांचा हिशेब असावा तसा हा माणसांचा हिशेब आहे. या ७७३ पैकी किती जणांनी आपली कहाणी सांगितली, आणि ज्यांनी सांगितली ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, हा या लेखाचा विषय आहे.

प्रस्थापित समीक्षा चरित्राचे मूल्यमापन करताना शैली पाहते, व्यक्तिरेखा पाहते, कालखंडाचे चित्रण पाहते. आपल्याला यापेक्षा आधीचा प्रश्न विचारावा लागतो. ज्याला लेखणी नव्हती त्याचे चरित्र कोणाच्या हातात राहिले? आणि शिपायाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न अनिवार्य होतो. त्याने हुकूम मोडला म्हणून तो इतिहासात आला. तर तो हुकूम कोणाचा होता, आणि तो मोडल्यानंतर त्याने कोणाचा पाळला? विद्रोह हा शब्द आपल्या चळवळीत फार वापरला गेला. तो झिजू नये असे वाटत असेल तर ही कसोटी लावली पाहिजे.

२

आधी शब्दाकडे पाहू. समुद्र ओलांडला की जात बुडते, ही समजूत ज्यांना जात म्हणजे मिळकत होती त्यांची. समुद्राला 'काळे पाणी' म्हणणारी दहशत मुळात त्यांच्या घरात जन्मली. इंग्रजांनी ती हेरली आणि तिची शिक्षा केली. हद्दपारीच्या शिक्षेत बेड्या होत्या, मजुरी होती, ताप होता. पण सरकारी टिपणांतून पुन्हा पुन्हा सांगितले गेले ते हे की एतद्देशीयाला समुद्रापलीकडे जाण्याची धास्ती मरणापेक्षा मोठी वाटते. हा 'एतद्देशीय' कोण? जो वरचा, तो. त्याच्या भीतीलाच साऱ्या देशाची भीती मानले गेले.

बंगालच्या लष्करात या भीतीचा इतिहास जुना आहे. तेथे भरती मुख्यतः अवध-बिहारकडील ब्राह्मण-रजपुतांची असे. १८२४ साली ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी ४७ व्या पलटणीला बराकपूरहून कूच करण्याचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल मिळेनात, त्याचा खर्च शिपायांच्या बोडक्यावर, आणि पुढे जहाजाने नेतील ही धास्ती. शिपाई कवायतीच्या मैदानावर अडून बसले. २ नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी याला फाशी दिले. पुढे १८५६ साली सरकारने नियमच केला की नव्याने भरती होणाऱ्याने नेईल तेथे गेले पाहिजे, समुद्रापलीकडेही. ज्याने समुद्र ओलांडायला नकार द्यायचा, त्याला शिक्षा म्हणून समुद्रच ओलांडायला लावायचा, असा हा उफराटा न्याय होता.

मुंबई लष्कराची रीत निराळी होती. तेथे महार, मराठा, मुसलमान, परदेशी भय्ये, ज्यू एका पलटणीत असत. मुंबईच्या पलटणी १८५६-५७ साली इराणच्या मोहिमेवर गलबतांतून गेल्या आणि परत आल्या. महार शिपाई बोटीवर चढला म्हणून त्याची जात बाटल्याचे कोणी ऐकले नाही. बाटायला तिच्यात शिल्लक काय होते? ज्याला गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता त्याला समुद्राच्या पाण्याचे भय कसले? त्याचे काळे पाणी गावातच होते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याचा अर्थ या अंगानेही लावता येतो. एकाला पाणी ओलांडले की जात जाते. दुसऱ्याने पाणी शिवले की गाव पेटते. दोन्ही पाणी एकाच धर्मशास्त्राने काळे केलेले आहे.

म्हणजे दलित कैद्याला हद्दपारीचे दुःख नव्हते असे मात्र नव्हे. बायकापोरे त्यालाही होती. बेडीचे लोखंड जात बघून हलके होत नाही. मुद्दा इतकाच की 'काळे पाणी' या शब्दाला राष्ट्राची वेदना म्हणून मिरवताना त्याच्या पोटातली जात दडवली जाते. मराठी समीक्षकाने हे कधी बोलून दाखवले नाही.

३

आता एका शिपायाकडे येऊ. ज्यांची कहाणी लिहून ठेवली गेली अशा थोड्या कैद्यांत तो आहे. दूधनाथ तिवारी त्याचे नाव. १४ व्या बंगाल पलटणीचा शिपाई. ही पलटण पंजाबात झेलम येथे होती. ७ जुलै १८५७ रोजी गोरी फौज तिला निःशस्त्र करायला आली तेव्हा तिने बंदुका चालवल्या. बंड आणि पलायन या गुन्ह्यांखाली दूधनाथला जन्मठेप व बेडीसह सक्तमजुरी झाली. एप्रिल १८५८ मध्ये तो अंदमानला उतरला. कैदी क्रमांक २७६. महिना संपण्यापूर्वीच तो अनेक कैद्यांबरोबर तराफ्यावरून पळाला. ही मंडळी जंगलात भटकत राहिली. पुढे अंदमानी आदिवासींशी गाठ पडली आणि त्यांच्या बाणांखाली बहुतेक मारले गेले. दूधनाथ जखमी होऊन पडला. त्याने हात जोडले. ज्यांनी बाण मारले त्यांनीच त्याच्या जखमांना माती लावली, त्याला खाऊ घातले, आपल्यात घेतले. काही महिन्यांनी त्याचे लग्न लावून दिले. लिपा आणि जिगा ही त्याच्या दोन बायकांची नावे नोंदीत आहेत. तो त्यांच्यासारखा उघडा राहिला, त्यांची भाषा शिकला, सुमारे वर्षभर त्यांच्यात राहिला.

मे १८५९ मध्ये अंदमानी टोळ्या एकत्र येऊन वसाहतीवर चाल करून जाणार असा बेत झाला. दूधनाथ त्यांच्याबरोबर निघाला, वाटेत निसटला आणि त्याने इंग्रजांना वर्दी दिली. अॅबर्डीन येथे बाण आणि बंदूक समोरासमोर आली. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. १८६० साली दूधनाथला माफी मिळाली आणि तो घरी गेला.

ही कहाणी त्याने सांगितली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत उतरवून घेतली. पुढे पोर्टमन या अधिकाऱ्याच्या १८९९ सालच्या ग्रंथात ती सविस्तर आली. ग्रंथ अंदमानी लोकांशी सरकारच्या आलेल्या संबंधांचा आहे, दूधनाथचा नाही. मजकुराची रचनाच हे सांगते. अंदमानी काय खातात, अंगाला काय फासतात, लग्न कसे लावतात, मेलेल्याचे काय करतात, यांवर मजकूर भरभरून आहे. पण दूधनाथचे गाव, आई, शेत, पगार, झेलमच्या त्या सकाळी त्याने बंदूक का उचलली, यांविषयी अक्षर नाही. ज्याने बंड केले त्याला बंडाबद्दल कोणी विचारलेच नाही. सरकारला हवी होती ती माहिती त्याच्या तोंडून काढून घेतली, उरलेला माणूस टाकून दिला. या अर्थाने हे चरित्र म्हणजे जबानी आहे. जबानीत माणूस 'मी' म्हणतो, पण त्या 'मी'ची सीमा प्रश्न विचारणारा ठरवतो. 'बलुतं'पासून (१९७८) आपल्या आत्मकथनांनी जे केले त्याचे मोल अशा वेळी कळते. तेथे प्रश्न विचारणाराही आपणच होतो.

आता दुसरी बाजू. राष्ट्रवादी वाचनाला दूधनाथ अडचणीचा आहे. तो १८५७ चा शिपाई, जन्मठेपीचा कैदी. म्हणजे वीराच्या चौकटीत बसायला हवा. पण त्याने वर्दी दिली. मग त्याला फितूर म्हणून एका ओळीत उडवले जाते, किंवा तो प्रसंगच वगळला जातो. दोन्ही रीती निरुपयोगी आहेत. आपल्या कसोटीने पाहिले तर दूधनाथचे आयुष्य सुसंगत दिसते. त्याने इंग्रजाचा हुकूम मोडला. पण हुकुमाची जी उतरंड त्याच्या मनात होती ती मोडली नाही. ज्या लोकांनी त्याला वाचवले ते त्याच्या लेखी माणसांच्या रांगेत आलेच नाहीत. त्यांच्यात राहून तो उघडा झाला, बाटला, सगळे नियम सुटले. पण ते त्याला मुक्ती वाटले नाहीत, हद्दपारीतली हद्दपारी वाटली. म्हणून संधी मिळताच तो ज्या व्यवस्थेने त्याला बेडी घातली तिच्याकडेच परत गेला. तिच्या उतरंडीत त्याची जागा होती. जंगलात उतरंडच नव्हती.

याच्या उलट एक नोंद आहे, आणि ती त्याच सरकारी कागदांत आहे. एप्रिल १८५९ मध्ये अंदमानींनी कैद्यांच्या टोळ्यांवर हल्ला केला तेव्हा त्यांनी पायात बेडी असलेल्या कैद्यांना बाजूला काढले आणि वरच्या हुद्द्यावरील मुकादम कैद्यांवर रोख धरला. बेडीवाल्यांना त्यांनी आपल्याबरोबर नाचायला बोलावले असेही नोंदले आहे. ज्यांना रानटी म्हटले गेले त्यांनी एका नजरेत ओळखले की या माणसांत जुलूम करणारा कोण आणि जुलूम सोसणारा कोण. त्यांच्या भाषेत वर्ग आणि वर्ण हे शब्द नव्हते. त्यांनी पाय पाहिले आणि निवाडा केला. वर्षभर त्यांच्यात राहिलेल्या शिपायाला ही दृष्टी आली नाही. १८५८ साली काही हजार असलेले हे लोक आज पन्नाशीच्या आसपास उरले आहेत. लिपाची जबानी कोणी घेतली नाही.

४

अंदमानहून आता आपल्या मुलखात परत येऊ. सायखेड्याच्या दक्षिणेला सिन्नर तालुका. पुणे-नाशिक रस्त्यावर नांदूर-शिंगोटे हे गाव. तेथला भागोजी नाईक हा भिल्ल. नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ साली. त्यापूर्वी हा मुलूख अहमदनगरच्या अमलाखाली होता, आणि भागोजी अहमदनगरच्या पोलिसात अधिकारी होता. म्हणजे अंगावर सरकारी पट्टा असलेला माणूस. १८५५ साली दंगा करणे आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणणे या आरोपांवरून त्याला एक वर्षाची कैद झाली. सुटल्यावर आणखी एक वर्षासाठी चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच पुन्हा त्याच्यावर सरकारची नजर वळली. तो गाव सोडून निघाला, पन्नासेक भिल्ल गोळा केले आणि रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा टेकाडावर ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि गोळी लागून मेला.

त्याच दिवसांत महाराष्ट्रात दुसरीकडे काय चालले होते तेही लक्षात घ्यावे. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७ व्या मुंबई पलटणीतील शिपाई उठले होते. रामजी शिरसाट त्यांचा पुढारी. १५ ऑक्टोबरला मुंबईच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. कोल्हापूर आणि मुंबईचे शिपाई पलटणीतले होते. भागोजी पलटणीतला नव्हता आणि त्याला अंदमानही झाले नाही. पण हुकूम मोडणारा गणवेशातला माणूस म्हणून त्याची जात तीच. दोन वर्षे तो अकोले, संगमनेर, कोपरगावच्या डोंगरपट्ट्यात फिरला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातच मिठसागरे येथे फ्रँक सूटरच्या पोलिसांनी त्याला गाठले. तेथे तो आणि त्याचे बहुतेक साथीदार मारले गेले.

ही सारी हकिकत कोठे आहे? १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये. भागोजीवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक या मजकुराभोवतीच फिरते. म्हणून हा मजकूर साहित्यकृतीसारखाच बारकाईने वाचला पाहिजे. चरित्राचा प्रारंभ जन्माने होत नाही, शिक्षेने होतो. शेवट मृत्यूने होतो. मध्ये हल्ले, पाठलाग, चकमकी. मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सोबती, त्याचे धाडस सारे तपशिलाने आहे. पोलीस अधिकारी असलेल्या भिल्लाने १८५५ साली दंगा का केला, याला एक वाक्यही दिलेले नाही. ज्या घटनेतून सगळे निघाले तीच मजकुरातून गाळलेली आहे.

या गाळलेल्या जागेत काय असू शकते याचे आडाखे बांधता येतात, पण ते भागोजीच्या तोंडी घालू नयेत. भिल्लांकडे गावोगाव जागल्याचे काम होते. चोरी झाली की माग काढायचा त्यांनी, आणि माग लागला नाही की संशयही त्यांच्यावरच. सावकाराचे कर्ज, जंगलाची बंदी, आणि राखणदार तोच चोर ठरवणारी व्यवस्था, हे त्या काळच्या भिल्ल जीवनाचे ठाऊक असलेले वास्तव आहे. सरकारने त्यातल्याच एकाला पट्टा दिला, म्हणजे आपल्याच माणसांना धरण्याचे काम दिले. तो पट्टा अंगावर असताना काय खदखदले असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणखी एक गोष्ट गॅझेटिअर सहज सांगून जाते आणि आपले लेखक सहज वगळतात. भागोजीच्या भिल्लांना आणि त्यांच्या साथीदारांना धरण्यासाठी सरकारने डोंगरातल्या कोळ्यांची एक फौज उभारली. कॅप्टन नट्टॉल तिचा प्रमुख. काम संपल्यावर १८६१ साली ती मोडली. ज्या महादेव कोळ्यांनी एका पिढीपूर्वी बंडे केली, ज्यांचा राघोजी भांगरे १८४८ साली फासावर गेला, त्यांच्यातलीच पोरे भिल्लांच्या मागावर घातली. दोन भुकेल्यांना एकमेकांवर सोडण्याची ही कला इंग्रजांनी शोधली नाही. ती वर्णव्यवस्थेत आधीपासून होती. पण हा भाग सांगितल्याशिवाय भागोजीचे चरित्र पुरे होत नाही. तो वगळून त्याला घोड्यावर बसवून देशभक्तांच्या ओळीत उभे करणे सोपे आहे. १८५७ ची लढाई स्वधर्म आणि स्वराज्य यांसाठी झाली, अशी मांडणी सावरकरांनी आपल्या १९०९ च्या ग्रंथात केली. टेकाडावरच्या भिल्लाचा स्वधर्म कोणता? आणि स्वराज्य आले असते तर ते कोणाचे? जोतीराव फुल्यांनी त्या उठावाकडे पेशवाई परत येण्याच्या धास्तीने पाहिले ते उगीच नव्हे. भागोजीला त्या चौकटीत कोंबणे म्हणजे त्याला दुसरा जामीन मागणे आहे: तू आमच्या वर्तणुकीत बसलास तरच तुला वीर म्हणू.

५

तिसरा शिपाई आपला आहे. त्याने हुकूम मोडला नाही.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावला महार शिपाई लढला आणि मेला. त्या स्तंभावरची 'नाक' लागलेली नावे आपण अभिमानाने वाचतो. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ ला तेथे जाऊन त्या स्मृतीला नवा अर्थ दिला. पण त्यापुढचा इतिहासही लक्षात ठेवावा. १८५७ नंतर लष्कराची फेररचना होत गेली, लढाऊ जातींचे शास्त्र निघाले, आणि १८९२ साली महारांची भरती बंद झाली. बंड न करता, पळून न जाता, एका फर्मानाने सारी जात लष्करातून हद्दपार झाली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी केली. १९२१ साली मोडली. १९४१ साली पुन्हा गरज पडली, पुन्हा उभी केली.

दूधनाथला हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झाली आणि नंतर माफी मिळाली. महार शिपायाला हुकूम पाळल्याबद्दल शिक्षा झाली, आणि माफी मागायला गुन्हाच नव्हता. इमानाचे बक्षीस आणि बंडाची सजा यांच्यात फरक करणारे न्यायालय त्याच्यासाठी बसलेच नाही. कोरेगावच्या अभिमानाला ही दुसरी बाजू जोडली नाही तर तो अभिमान नुसत्या इमानाचा अभिमान होईल. आणि इमानाचे आपल्याला काय मिळाले ते १८९२ ने सांगितले आहे.

मात्र या शिपायाची गोष्ट येथे संपत नाही. पलटणीने त्याला अक्षर दिले, कवायत दिली, पेन्शन दिले, आणि गावच्या पाटलाखेरीज दुसराही एक हुकूम जगात असतो हे दाखवले. वलंगकर पलटणीतून आले. रामजी सुभेदार पलटणीतून आले. कोकणातल्या पेन्शनर शिपायांच्या वस्त्यांतून महाडच्या सत्याग्रहाला माणसे मिळाली. २० मार्च १९२७ ला तळ्यावर पाणी प्याले, त्यावरून मार खाल्ला, आणि उलटून हात उगारण्याची धमक असूनही बाबासाहेबांच्या शब्दाखातर आवरला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसे गेली. आज्ञाभंग म्हणायचा तो हा. ज्या हुकुमाने माणसाला माणसाच्या खाली बसवले तोच येथे मोडला. आणि मोडून दुसऱ्या कोणा मालकाकडे वर्दी द्यायला हे लोक गेले नाहीत. येथे कसोटीचे दोन्ही भाग उतरतात.

६

मग समीक्षेने आणि तिच्याबरोबर शिक्षकाने, विद्यार्थ्याने, कार्यकर्त्याने करायचे काय?

पहिली गोष्ट, कैदी शिपायाची चरित्रे लिहिण्याचे काम आता सुरू झालेले आहे, पण ते इंग्रजीत. क्लेअर अँडरसन यांनी मॉरिशस, ब्रह्मदेश, अंदमान येथे पाठवलेल्या साध्या कैद्यांची आयुष्ये सरकारी कागदांतून शोधून २०१२ साली ग्रंथरूपाने मांडली. १८३६ साली डार्विन मॉरिशसला उतरला तेव्हा रस्त्यावर राबणाऱ्या हिंदी कैद्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी तो चकित झाला, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. त्या कैद्यांत मुंबई इलाख्यातून गेलेलेही होते. म्हणजे आपलीच माणसे. सिंगापूरच्या मोठ्या चर्चच्या भिंती हिंदी कैद्यांनी बांधल्या. त्यांच्याबद्दल मराठीत एक पुस्तिकाही सहजी हाताला लागत नाही, आणि शिवकालावर मात्र दर वर्षी कादंबऱ्या निघतात.

दुसरी गोष्ट, कागद वाचताना कागदाची बाजू ओळखावी. कैदी क्रमांकाने सुरू होणारे चरित्र शिक्षेच्या आधी न्यावे. कोणते गाव, कोणती जमीन, कोणते देणे, कोणता अपमान, हे विचारावे. मिळाले नाही तर जागा मोकळी सोडावी. ती शौर्याच्या रंगाने भरू नये. नांदूर-शिंगोटे, मिठसागरे, अकोल्याचा डोंगर येथे अजून वस्त्या आहेत, बोलणारी म्हातारी माणसे आहेत. त्यांच्याकडे पुतळ्याची वर्गणी मागायला जाण्यापूर्वी वही घेऊन जावे. आणि बायकांना आधी विचारावे. लिपाला विचारले गेले नाही, भागोजीच्या घरातल्या बाईला विचारले गेले नाही. ही चूक तिसऱ्यांदा करू नये.

तिसरी गोष्ट, अंदमानच्या दुसऱ्या इतिहासाकडे पाहावे. तेथे शिक्षा संपलेल्या कैदी पुरुषांनी आणि कैदी बायकांनी संसार मांडले. त्यांची मुले तेथेच जन्मली, तेथेच वाढली. प्रांत, भाषा आणि जात ओलांडून लग्ने झाली. मूळ देशात जी बंधने धर्म म्हणून पाळली जात होती ती तेथे पिढी-दोन पिढ्यांत सैल झाली. काळ्या पाण्याने जात बुडते ही सनातन्यांची धास्ती खरी ठरली. आणि बुडाल्यावर माणसे मेली नाहीत, जगली. जातिव्यवस्था निसर्गाने दिलेली नाही याचा इतका रोकडा पुरावा हाताशी असून आपल्या व्याख्यानांत तो येत नाही. मात्र हेही विसरू नये की १९२० च्या दशकात गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारलेल्या भांतूंना त्याच बेटांवर नेऊन वसवले, आणि ज्यांची ती बेटे होती ते आदिवासी संपत आले. एकाची मुक्ती दुसऱ्याच्या भूमीवर उभी राहिली तर तिचाही हिशेब द्यावा लागतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत जवळची. हद्दपारीची शिक्षा कायद्यातून १ जानेवारी १९५६ पासून गेली. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला. पण भागोजीला मागितलेला चांगल्या वर्तणुकीचा जामीन गेलेला नाही. तो आधीच्या फौजदारी संहितेत होता, आणि २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून भिल्लवस्तीकडे, पारध्यांच्या पालाकडे वळते. सुटून आलेल्या माणसाने आपण चांगले आहोत याची हमी कोणाकडून तरी लिहून आणायची. आणि हमी देण्याइतकी पत असलेला माणूस त्याच्या वस्तीत नसतो. १८५५ सालचे कोडे १८५५ सालीच संपले असते तर भागोजी नाईक हा केवळ इतिहासाचा विषय झाला असता.

म्हणून हुकूम मोडणाऱ्याचे चरित्र लिहिणे हे स्मरणरंजनाचे काम नव्हे. नकार देणाऱ्या प्रत्येकाला आपला म्हणून मिठी मारण्याचेही नव्हे. कोणता हुकूम मोडला, कोणासाठी मोडला, आणि मोडल्यावर पायात बेडी असलेल्याच्या बाजूला तो उभा राहिला की मुकादमाच्या, एवढे पाहायचे. अंदमानच्या किनाऱ्यावर ज्यांनी आधी माणसाचे पाय पाहिले, त्यांचे ते शहाणपण मराठी समीक्षेने शिकायला हरकत नाही.